दोन माऊस की दोन मावसं? वाद घालू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी तलवाडा मार्गदर्शिका

ज्यांना वाद घालायची हौस आहे पण विषय सापडत नाही, अशांसाठी ही मार्गदर्शिका आहे. राजकारणावर वाद घालायचा तर पक्ष लागतो. बांधावरून घालायचा तर बांध लागतो आणि पुढे गेवराईला वकील लागतो. संगणकातल्या एखाद्या शब्दाच्या अनेकवचनावर वाद घालायला मात्र काहीच लागत नाही. तारखा पडत नाहीत, खर्च चहापुरता, आणि निकाल लागायची धास्ती नाही.

या शेवटच्या गुणाकडे नवशिक्यांचं लक्ष जात नाही, म्हणून आधीच सांगतो. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गेवराई तालुक्याला निकाली लढाईचा अनुभव आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठच्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पाडाव केला आणि विषय संपला. आपल्याला तसं करायचं नाही. विषय संपला की माणसं उठून घरी जातात.

जागा, वेळ, माणसं

जागा: तलवाड्यातलं कुठलंही सेवा केंद्र. बाहेर बाकडं, आत एक पंखा, भिंतीला 'येथे सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी. वेळ: जुलैअखेर, पीकविम्याचे शेवटचे दिवस. त्या दिवसांत निम्मं गाव बाकड्यावर असतं आणि सर्व्हर चालंना झालेला असतो. गावची देवी त्वरिता, नावातच घाई. तिच्या गावात बसून पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे तासन्‌तास बघायचं म्हणजे माणसाला काहीतरी बोलावंच लागतं.

माणसं पाच हवीत. एक निवृत्त गुरुजी. यांच्याशिवाय वाद सुरूच करू नये. एक केंद्र चालवणारा पोरगा, ज्याला खरं तर वेळ नाही. एक पुण्याला आयटीत असलेला आणि सणाला गावी आलेला भाचा. एक मुकादम. आणि एक आजी, जिचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. आजी अंगठा पदराला पुसते, पोरगा काच फडक्यानं पुसतो, पुन्हा टेकवतात, लाल दिवा लुकलुकतो, पुन्हा पुसतात. बाकी चौघांचा वाद या पुसापुशीच्या तालावर चालतो.

ठिणगी साधी असावी. पोरगा फोनवर कुणाला तरी सांगतो, "मामा, गेवराईहून येताना दोन माऊस घेऊन या." गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायचं: "दोन काय?"

पहिली पायरी: वचनाच्या आधी लिंग

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे ते थेट अनेकवचनावर उडी मारतात. मराठीत अनेकवचन हे लिंगाच्या मागून येतं. वस्तू तो, ती की ते हे ठरल्याशिवाय दोन झाल्यावर तिचं काय होणार हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणजे एका वादात दोन वाद आहेत. पहिला नीट घोळवला तर दुसऱ्यापर्यंत पोचायला संध्याकाळ होते.

नियम थोडक्यात असे. पुल्लिंगी शब्द आकारान्त असेल तर घोडा-घोडे. नसेल तर जसाच्या तसा, एक देव, दोन देव. नपुंसकलिंगी अकारान्त असेल तर घर-घरं. स्त्रीलिंगी ईकारान्त असेल तर वाटी-वाट्या, म्हणून सीडी-सीड्या. स्त्रीलिंगी अकारान्त शब्दापाशी मात्र रस्ता फुटतो: वीट-विटा, पण भिंत-भिंती. कोणता शब्द 'आ' घेईल आणि कोणता 'ई', याचा पक्का नियम नाही, कानानं ठरवायचं. म्हणून फाइलच्या फायली होतात आणि लिंकच्या लिंका. वेबसाइटचं काय? खाट-खाटा, वाट-वाटा या चालीवर साइटा व्हायला हव्यात. गावात दोन्ही ऐकू येतं, साइटा आणि साइटी. तिसरा कुणी 'साइट्स' म्हणाला तर त्याच्याकडे पाहुण्याकडे पाहतात तसं पाहावं.

ईमेल हा सरावासाठी उत्तम शब्द. एकाला ईमेल आला, दुसऱ्याला आली, तिसऱ्याला आलं, आणि तिघांचंही बरोबर आहे. त्यावरून अनेकवचन तीन तऱ्हेचं: चार ईमेल आले, चार ईमेली आल्या, चार ईमेलं आली. नवशिक्यानं आठवडाभर नुसता ईमेलवर हात बसवावा, मग माऊसकडे वळावं.

माऊसच्या लिंगाबद्दल तलवाड्यात दुमत नाही. तो माऊस. तिथेच सोपं होऊन जायला हवं होतं: पुल्लिंगी, आकारान्त नाही, म्हणून एक माऊस, दोन माऊस. खऱ्या उंदराचंही तसंच, एक उंदीर, दोन उंदीर. पण मग नवशिक्याच्या हातात उरलं काय?

म्हणून इथे दोन पंथ काढायचे. पहिला पाऊसपंथ. पाऊस-पावसाचा, कापूस-कापसाचा, तसं माऊस-मावसाचा. "मावसाची वायर कुरतडली" असं म्हणणारा माणूस पाऊसपंथी समजावा. (कुरतडली कुणी, तर उंदरानं. हा विनोद पहिल्या वर्षी चालतो, पुढे चालत नाही.) या पंथाकडे भक्कम पुरावा आहे, कारण इथला शेतकरी पाऊस मोजतो. "दोन पाऊस झाले की कापूस लावायचा" हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं असतं. दोन पाऊस, तर दोन माऊस. दुष्काळी मुलखात पावसाला अनेकवचनाचं वेगळं रूप हवंय कुणाला, नुसता पडला तरी पुरे, असंही एखादा म्हातारा वर जोडतो, आणि ते खोडता येत नाही.

दुसरा माणूसपंथ. हे लोक शांतपणे विचारतात, "एक माणूस, दोन काय?" दोन माणसं. माणूस हा शब्द एकटा असतो तेव्हा 'तो' असतो आणि घोळक्यात शिरला की 'ती माणसं' होतो. पुरुषाचं लिंग वाटेत कुठं गळालं कळत नाही. शेवट दोन्हींचा सारखा, मग माणूस-माणसं तसं माऊस-मावसं का नको? "तीन मावसं पडलीत, एक पण चालंना" हे वाक्य एकदा ऐकलं की ते चुकीचं आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. माझं स्वतःचं मत माणूसपंथाकडे झुकतं, पण मार्गदर्शिका लिहिणाऱ्यानं तटस्थ राहावं असा संकेत आहे.

माउस की माऊस, ऱ्हस्व की दीर्घ, या गल्लीत नवशिक्यांनी शिरू नये. तिथून आजवर कुणी परत आलेलं नाही.

दुसरी पायरी: दाखला द्या, पुस्तक दाखवू नका

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये निघालं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. ही दोन नावं पुरतात. गुरुजींनी "दामल्यांनी यावर काय म्हटलंय ठाऊक आहे का?" असं विचारून थांबायचं. दामल्यांनी माऊसवर काही म्हटलेलं असणं शक्य नाही हे समोरच्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागतो, आणि तेवढ्यात एक चहा होतो. राखीव म्हणून महानुभावांच्या भीष्माचार्यांचा 'पंचवार्तिक' ठेवावा. मराठी व्याकरणाचा आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियमही काढता येतात: १९६२ चे चौदा, १९७२ ला जोडलेले चार. फार ताणू नये, ते नियम लेखनाचे आहेत आणि आपला वाद तोंडाचा.

पुण्याचा भाचा बोलू लागला की

तो म्हणणार, "माऊसचं प्लुरल माइस. विषय संपला." त्याला विषय संपवू देऊ नये. त्याच्याच मैदानात न्यावं.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी हे यंत्र जगाला पहिल्यांदा जाहीर दाखवलं. त्याचा पहिला नमुना म्हणजे लाकडी डबी, खाली दोन चाकं, मागे शेपटीसारखी वायर. त्याला माऊस का म्हणतात हे आपल्यालाही माहीत नाही, कधीकधी त्याबद्दल माफी मागतो, असं ते त्या प्रात्यक्षिकातच बोलून गेले. १९७० साली पेटंट मिळालं, त्यात माऊस हा शब्द नावातसुद्धा नव्हता. पडद्यावरच्या जागेचा आडवा-उभा निर्देशक, अशा काहीशा सरकारी थाटाचं नाव होतं. बापानंच नावाबद्दल हात वर केले, तिथे बारशाला आलेल्यांनी अनेकवचनाचा हट्ट काय धरावा?

पुढे विचारावं, मायक्रोसॉफ्टच्या लेखनपुस्तिकेत काय सल्ला होता? 'माइस' शक्यतो टाळा, 'माऊस उपकरणं' म्हणा. जगभर माऊस विकणारी कंपनी त्याच्या अनेकवचनाला बिचकली. भाचा इथे पाणी मागतो.

पाणी पिऊन तो व्हायरस काढेल. इंग्रजीत तर व्हायरससाठी 'व्हायराय' काढून लॅटिनचा आव आणणारे लोक होऊन गेले. गंमत अशी की लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विष, चिकट घाण. आपण तेलाचं किंवा चिखलाचं अनेकवचन करत नाही तसं रोमनांनीही त्याचं केलेलं सापडत नाही. जुन्या लॅटिनमध्ये नसलेलं रूप नव्या पंडितांनी घडवलं, आणि तेही चुकीच्या साच्यात. मराठीत एक व्हायरस, दोन व्हायरस; २०२० नंतर हा शब्द आजीलाही येतो आणि तिनं कधी अनेकवचनासाठी अडून दाखवलेलं नाही.

शेवटचा पेच डेटाचा. इंग्रजीत भांडण आहे की डेटा हे मुळात डेटमचं अनेकवचन, तेव्हा क्रियापद अनेकवचनी लावायचं की एकवचनी. तलवाड्यात डेटा म्हणजे दिवसाला मिळणारा दीड जीबी, आणि तो दुपारी चारला 'संपतो'. पुल्लिंगी, एकवचनी. त्याला कॅमेरा-कॅमेरे या चालीवर 'डेटे' करावं का, हा प्रश्न सध्या बासनात ठेवू. दोन दिवसांचा डेटा एकदम कुणाच्या हाती आला तर काढता येईल.

परक्या शेपट्या

भाच्याला असं वाटतं की दुसऱ्या भाषेचं अनेकवचन जसंच्या तसं घेणं हे आधुनिकपण. त्याला मराठवाड्याचा इतिहास आठवून द्यावा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी दप्तर उर्दूत. तेव्हाच्या कागदाचं अनेकवचन सरकारी तोंडात 'कागजात' होतं, 'हालत'चं 'हालात'. मागे 'आत' लावला की दप्तरी वजन यायचं, आज 'स' लावला की येतं तसंच. फाइल्स, फॉर्म्स, ॲप्स म्हणणारा बाबू आणि कागजात म्हणणारा पेशकार एकाच बाकावरचे. कागजात गेलं, कागद राहिला, आणि दोन कागदांना आपण दोन कागदच म्हणतो.

त्याहून मजेची गोष्ट 'उमराव' आणि 'औलाद' यांची. दोन्ही मूळ अरबीत अनेकवचनं. एक तो अमीर, अनेक ते उमरा. एक तो वलद, अनेक ती औलाद. मराठीत येताच दोघांचं बहुपण उतरवून ठेवलं गेलं: एक उमराव आला, त्याची औलाद आली. कुणी सभा भरवली नाही. डेटाचं वेगळं काही व्हायचं कारण नाही.

वस्तुपाठ

इथे केंद्रवाल्या पोराला बोलतं करावं. त्याला व्याकरण येत नाही पण रूपं येतात. आधारच्या दोन कॉप्या, तीन फायली, सगळ्यांचे सातबारे, "लिंका उघडंनात", "चार ओटीपी आले, मपला कोणता?" त्याचं एकही रूप चुकत नाही. बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, एसटीची तिकिटं असतात, शर्टाला बटणं असतात. या सगळ्यांची अनेकवचनं कधी ठरली, कुणी ठरवली? ट्रॉली दारात उभी राहिली, पोरं तिच्यावर चढली, दुसरी ट्रॉली आली, ट्रॉल्या झाल्या. जी वस्तू रोज हातात असते ती व्याकरणाची परवानगी मागत नाही. दुरून बघितलेल्या वस्तूलाच 'स' लागतो. लिंका म्हणणारा दिवसाला पन्नास उघडतो. लिंक्स म्हणणाऱ्यानं त्या परिपत्रकात पाहिलेल्या असतात. शंका असेल तर शहरातल्या मोठ्या साहेबाला ट्रॅक्टरच्या टायरांबद्दल विचारून बघा, 'टायर्स' म्हणेल.

'कॉप्या'वरून मुकादमाला 'कोप्या' आठवतात. ऊसतोडीला गेलेल्यांच्या उसाच्या पाचटाच्या, ताडपत्रीच्या त्या खोपी. तोवर तो गप्प असतो. मग तो विचारतो, "गुरुजी, आमच्यात एक कोयता म्हंजी दोन माणसं. नवरा अन् बायको. एकटा असला तर अर्धा कोयता. हे कोणतं वचन म्हणायचं?"

गुरुजी सावरून बसतात. संस्कृतात द्विवचन होतं, ते प्राकृतातच गळालं, मराठीपर्यंत पोचलंच नाही, असं सांगतात. ते खरं आहे. बीड जिल्ह्यानं ते कोयत्यात जपून ठेवलं असंही कुणी म्हणेल. पण त्या एकवचनाचा हिशेब बघायला हवा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. उचल कोयत्यामागे ठरते, वहीत नाव बहुतेक नवऱ्याचं लिहिलं जातं. मोळी बांधून डोक्यावर घेणारी बाई त्या एका शब्दात धरलेली असते, आणि तरी दिसत नाही. माऊसला अनेकवचन मिळावं म्हणून आपण दुपार घालवली. हिला वहीत दुसरी ओळ मिळालेली नाही. नवशिक्यांनी इथे विनोद करू नये. जुन्यांनीही करू नये. आजीचा अंगठा का उमटत नाही हे ज्याला आता कळलं, त्यानं तिला बाकडं मोकळं करून द्यावं.

सर्व्हरबाबत विशेष सूचना

सर्व्हर हा एकच संगणकी शब्द असा आहे की ज्याला आदरार्थी बहुवचन शोभतं. साहेब आले, तसे सर्व्हर आले. "सर्व्हर बसलेत का?" "बसलेत, पण बोलंनात." एकाला अनेकवचन लावायचं कारण तहसीलमध्ये जे असतं तेच: काम त्यांच्या हातात आहे.

शून्याचा पोटवाद

हा फक्त प्रगत विद्यार्थ्यांसाठी. फोनमध्ये 'एक फाइल', 'दोन फायली' असे संदेश उमटावेत म्हणून युनिकोडवाल्यांनी जगातल्या भाषांचे खाने पाडून ठेवलेत. अरबीला सहा खाने, जपानीला एकच. मराठीला दोन: 'एक' आणि 'इतर'. मग शून्य कुठल्या खान्यात? आधी ते 'एक'शेजारी बसवलं होतं, पुढे 'इतर'मध्ये हलवलं. म्हणजे 'शून्य फाइल'चं 'शून्य फायली' झालं, आणि महाराष्ट्रात पानही हललं नाही. पावती नसलेल्या शेतकऱ्याला विचारा, तो 'एकपण पावती नाही' म्हणतो आणि शून्याचा पत्ताच कापतो. त्याला कुठल्या खान्यात घालणार?

वाद मिटवायची वेळ आलीच तर

शक्यतो येऊ देऊ नये. पण पाच वाजत आले, सर्व्हर आले, आजीचा अंगठा एकदाचा उमटला आणि मामा गेवराईच्या दुकानातून "नेमकं काय आणू?" असा तिसरा फोन करताहेत, तर मिटवावंच लागतं.

दुकानदारानं हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. त्याच्या बिलावर लिहिलेलं असतं: माऊस, २ नग. की-बोर्ड, १ नग. वस्तू एकवचनात, आकडा वेगळा, सगळा भार 'नगा'वर. मायक्रोसॉफ्टला 'उपकरणं' जोडून जे जमवावं लागलं ते मोंढ्यातल्या गुमास्त्यानं दोन अक्षरांत उरकलं. मामांना फोनवर सांगावं, "दोन नग."

एक काळजी घ्यावी. नग पुल्लिंगी आहे, एक नग, दोन नग. माणूसपंथाच्या नादानं त्याला कुणी घर-घरं करायला जाऊ नये. "दोन नगं" असं फोनवर ऐकू गेलं, तर दुकानदार काढलेले दोन्ही डबे पुन्हा कपाटात ठेवील आणि मामा रिकाम्या हातानं येतील.